फाटकाजवळच्या तीन वेली: इंदूरमध्ये न फुललेल्या स्वीट पीचा तपास

ऑक्टोबरच्या 18 तारखेला लावलेल्या स्वीट पीला, या सुवासिक फुलांच्या वेलीला, फेब्रुवारीच्या 25 तारखेपर्यंत कळी धरली नव्हती. ठिकाण इंदूरचं लोकमान्यनगर, बंगल्याची पूर्वेकडची कुंपणभिंत, तिच्या कडेने वीस फुटांचा वाफा. बी इंग्लंडमधल्या नातेवाइकांनी पाठवलेलं. पाकिटावर ‘स्पेन्सर, मिश्र रंग’ एवढंच लिहिलेलं. 26 दाणे पेरले, 21 वेली जगल्या. त्या आजारी मुळीच दिसत नव्हत्या. सात फुटांची सुतळीची जाळी जानेवारीतच भरली होती, खोडं पेन्सिलीएवढी जाड, पानं निळसर हिरवी आणि टवटवीत. येणारा-जाणारा थांबून वेलीचं कौतुक करायचा. पण घरच्यांनी ती लावली होती फुलांसाठी, त्यातही वासासाठी.

अपवाद फाटकाला लागून असलेल्या शेवटच्या तीन वेलींचा. त्यांच्यावर जानेवारीच्या मध्यात कळ्या दिसल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फुलं उमलली. तेच बी, तोच वाफा, तेच पाणी. घरातल्या आजींचं म्हणणं पडलं की फाटकाजवळची माती चांगली असणार. माळ्याचं म्हणणं, बाकीच्यांना अजून एकेक चमचा युरिया द्यावा. दोन्ही शक्यता विचार करण्यासारख्या होत्या, म्हणून आधी त्याच तपासल्या.

काय काय तपासलं

ऊन: सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत थेट ऊन, म्हणजे सहा तास. स्वीट पीला तेवढं पुरतं. फाटकाकडे उलट अर्धा तास कमीच होतं, कारण तिथे खांबाची सावली पडते.

माती: इथली काळी, भेगाळणारी, चुनखडीची. वाफा एक कुदळ खोल खणून त्यात तीन घमेली शेणखत घातलेलं. दोन्ही टोकांना माती सारखीच निघाली. एक बिनफुलांची वेल मुळांसकट काढली आणि फुललेल्या वेलीची मुळं बाजूने माती उकरून पाहिली. दोन्हीकडे मूळ नऊ-दहा इंचांवर जाऊन आडवं वळलेलं, कारण त्याखाली न खणलेला घट्ट थर होता. पाणी रोज दिलं जात होतं, त्यामुळे तिथे चिखल साचलेला. खालची पानं पिवळी पडून गळत होती आणि लावलेल्या रोपांपैकी काही बुंध्याशी कुजून गेली होती, त्याचं कारण हेच.

गाठी: स्वीट पी शेंगवर्गातली, म्हणजे तिच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी हव्यात. सगळ्या मुळांवर मिळून मोहरीच्या दाण्याहून लहान अशा पाच-सहाच सापडल्या. एक गाठ नखाने फोडली, तर आत हिरवट पांढरा गर. काम करणारी गाठ आतून गुलाबी निघते. हवेतला नत्र बांधताना जिवाणूंना आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचं एक द्रव्य लागतं, त्याचा तो रंग. इथे डिसेंबरात आणि जानेवारीत प्रत्येक वेलीला चमचाभर युरिया दिला होता. नत्र आयता मिळाला की वेल गाठी पोसत नाही. शिवाय जास्त नत्राने पाला माजतो, फुलणं लांबतं आणि आलेल्या कळ्याही गळतात. तेव्हा आणखी युरिया देणं म्हणजे दुखण्यात भर घालणं होतं.

एवढं खरं असलं तरी युरिया फाटकाजवळच्या तीन वेलींनाही तेवढाच मिळाला होता, चिखलही तेवढाच. म्हणून न फुलण्याचं मूळ कारण यांपैकी एकही नसणार.

फरक दिवसा दिसत नव्हता, संध्याकाळी दिसला. फाटकाच्या खांबावर 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब आहे. तो सहा वाजता लागतो आणि रात्री दहाला बंद होतो. तिन्ही वेली त्याच्यापासून चार फुटांच्या आत. चौथी वेल त्यांच्या शेजारीच, पण खांबाच्या मागे, उजेडाच्या आड. तिच्यावर एकही कळी नाही. कारण मातीत शोधायचंच नव्हतं, ते घड्याळात होतं.

वेल दिवस मोजते

स्वीट पी, म्हणजे लॅथिरस ओडोरॅटस, मूळची सिसिली आणि दक्षिण इटलीची रानवेल. वर्षायू आहे: शरदातल्या पहिल्या पावसावर उगवते, सौम्य ओल्या हिवाळ्यात मूळ धरते, वसंतात फुलते आणि कोरडा उन्हाळा लागला की शेंगा तडकवून मरते. सिसिलीतल्या फ्रान्चेस्को कुपानी या साधूने सतराव्या शतकाच्या अखेरीला तिची नोंद केली आणि 1699 साली तिचं बी इंग्लंडला रॉबर्ट यूव्हडेल या वनस्पतिप्रेमी शिक्षकाकडे गेलं. रानटी फूल लहान, दोन रंगांचं: वरचा ध्वज गडद तांबूस-जांभळा, खालचे पंख निळसर जांभळे. वास मात्र असा, की पुढच्या कित्येक सुंदर वाणांना तो गाठता आला नाही.

ही वेल फुलायचं की नाही ते दिवसाच्या लांबीवर ठरवते. ठरावीक तासांपेक्षा दिवस मोठा झाला की शेंड्यात कळ्यांची तयारी सुरू होते. तोवर ती पानंच काढत राहते. मंद दिव्याने संध्याकाळ लांबली, तरी पानांना तो दिवसच वाटतो. त्यातही फिलॅमेंटचा पिवळा बल्ब जास्त परिणाम करतो, कारण त्याच्या प्रकाशात गडद तांबडा भाग भरपूर असतो.

आता इंदूरचा हिशोब. सूर्योदय ते सूर्यास्त धरला, तर 21 डिसेंबरला इथला दिवस पावणेअकरा तासांचा असतो. 11 तास भरतात 23 जानेवारीच्या सुमारास. 12 तास भरायला 15 मार्च उजाडतो.

स्पेन्सर गटातल्या वेलींना साधारण 12 तास लागतात. हा गट 1901 साली ऑल्थॉर्प या स्पेन्सर घराण्याच्या इंग्लंडातल्या वाड्याचे माळी सायलस कोल यांनी दाखवलेल्या ‘काउंटेस स्पेन्सर’ या लहरदार पाकळ्यांच्या फुलापासून पसरला, आणि इंग्लंडातल्या उन्हाळ्यात, 16 तासांच्या दिवसांत फुलतो. तिकडून कोणी प्रेमाने बी पाठवतं तेव्हा ते बहुधा याच गटातलं असतं.

दिवस-रात्र सारखी होण्याची वेळ जगभर एकच, त्यामुळे 12 तासांचा दिवस सिसिलीतही मार्चच्या मध्यालाच येतो. पण तिथे तेव्हा थंडी नुकती ओसरत असते आणि पुढचे दोन महिने हवा मऊ राहते. इंदुरात त्याच तारखेला दुपारी 34 अंश आणि एप्रिलात चाळिशीची वाट. कळी धरून उमलायला चार ते सहा आठवडे हवेत, आणि दिवसाचं तापमान 30 अंशांच्या वर टिकू लागलं की कळ्या पिवळ्या पडून देठासकट गळतात. म्हणजे स्पेन्सरला इथे फुलायची परवानगी मिळते तेव्हा फुलण्याचे दिवस संपलेले असतात. ऑक्टोबरऐवजी सप्टेंबरात पेरल्याने हे सुटत नाही. वेल मोठी होते, घड्याळ तेच राहतं.

स्वीट पीचे म्हणून तीन गट धरावेत. हिवाळी गट सुमारे 10 तासांच्या दिवसावर फुलतो. ‘विंटर एलिगन्स’, ‘विंटर सनशाइन’ ही यातली नावं. काचघरात भर थंडीत फुलं काढण्यासाठी हा गट घडवण्यात अमेरिकेतल्या अँटन झ्वोलानेक यांचा मोठा वाटा. वासंतिक गटाला 11 तास लागतात, उदाहरणार्थ ‘कथबर्टसन’. तिसरा उन्हाळी, 12 तासांचा, ज्यात स्पेन्सर येतो. हे आकडे काट्यावर धरू नयेत, हवामानाने आठवडाभर मागेपुढे होतं. पण माळव्यात पहिला गट खात्रीचा, दुसरा जमण्यासारखा, तिसरा निराशेचा. पाकिटावर रंग आणि उंची ठळक छापतात, गट पुष्कळदा छापतच नाहीत. विकत घेताना विचारायचं ते हेच, आणि उत्तर मिळालं नाही तर ते बी घेऊ नये.

त्या हंगामात काय वाचलं

फारसं काही नाही. वाफाभर बल्ब लावायचा विचार झाला, पण फेब्रुवारीअखेर दिवा लावला तर फुलं एप्रिलमध्ये येणार, म्हणजे तेही व्यर्थ. युरिया थांबवला, पाणी चार दिवसांआड केलं. 20 मार्चला शेंड्यांवर कळ्या आल्या. आठवड्याभरात त्या फिकट पिवळ्या होऊन हात लावताच पडू लागल्या, आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वेली जमिनीलगत कापल्या. मुळं जमिनीतच ठेवली, पाला कंपोस्टला घातला.

कंपोस्टही इथल्याच रीतीने केलं. इंदुरात 1924 मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आताच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी जी पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, तीन पलट्या, सुमारे तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत. इंदूरकराच्या बागेत ते विकत आणावं लागू नये असं मनापासून वाटतं.

दुसरा हंगाम

पाऊस उघडल्यावर सप्टेंबरअखेर वाफा नव्याने बांधला. लांबी तीच वीस फूट, रुंदी आणि खोली दीड-दीड फूट. भरावात दोन घमेली जुनी माती, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं कंपोस्ट असं प्रमाण, आणि कडेला विटा लावून वाफा जमिनीपासून सहा इंच उचलला. तळाशी विटांचे रोडे घालायची चाल आहे, ती टाळली. पाण्याला बाहेर वाट नसेल, तर काळ्या जमिनीतला असा थर म्हणजे मुळांखालची टाकीच. सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत रनिंग मीटरला 50 ग्रॅम, म्हणजे सगळ्या वाफ्याला 300 ग्रॅम. चुना अजिबात नाही. इंग्लिश बागकामाच्या सल्ल्यात चुना हमखास सांगतात, पण तो तिकडच्या आंबट जमिनीसाठी. आपल्या चुनखडीच्या मातीत चुना घातला की लोह अडकतं आणि शेंडे पांढुरके पडतात.

बी 24 वेलींपुरतं: हिवाळी गटाच्या 14, वासंतिकच्या 6 आणि आदल्या वर्षीच्या उरलेल्या स्पेन्सरच्या 4. या चारांपैकी दोन मुद्दाम फाटकाच्या दिव्याखाली, दोन दुसऱ्या टोकाला अंधारात. दिव्याचं निदान खरं की योगायोग, ते ताडून पाहायला.

स्वीट पीचा दाणा गोल, काळपट तपकिरी, ग्रॅममध्ये साधारण बारा बसतात. साल इतकी कठीण की पाणी आत शिरत नाही. दाणे कोमट पाण्यात रात्रभर भिजवावेत, 12 तासांपलीकडे नाही, नाहीतर आत श्वास कोंडून कुजतात. सकाळी काही दाणे फुगून दुप्पट झालेले असतात, काही जसेच्या तसे. न फुगलेल्या दाण्याचा डोळा, म्हणजे शेंगेला चिकटलेली पांढरी खूण, अंगठ्याखाली धरावी आणि तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला नेलकटरने टिकलीएवढी साल उडवावी. आतला फिकट दळ दिसला की थांबायचं. डोळ्याच्या बाजूला टोचलं तर अंकुरच तुटतो. असे दाणे पुन्हा चार तास पाण्यात घातले की फुगतात.

पेरणीआधी जिवाणू खत लावलं. इथे एक चूक सर्रास होते: हरभऱ्याचं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारा जिवाणू, आणून लावतात. त्या जातीचा जिवाणू स्वीट पीच्या मुळांशी जमत नाही. वटाणा किंवा मसुराचं पाकीट हवं. वटाणा, मसूर, लाखेची डाळ आणि स्वीट पी या एकाच गटातल्या. गुळाच्या पाण्यात चमचाभर कालवून दाण्यांना चोळलं, सावलीत सुकवलं आणि त्याच दिवशी पेरलं. पाकीट नसेल तर वटाण्याच्या शेतातली ओंजळभर मातीही चालते.

12 ऑक्टोबरला पेरणी, वर्तमानपत्राच्या सहा इंच खोल नळ्यांत, एकेक दाणा इंचभर खाली. या वेलीचं मूळ सरळ खाली धावतं आणि हलवलेलं त्याला सोसत नाही, म्हणून नळीसकट लावता येईल अशी सोय. ऑक्टोबरातली दुपार अजून तापते, तेव्हा नळ्या झाडाच्या सावलीत ठेवल्या. खारी आणि उंदीर दाणे उकरून नेतात, त्यासाठी वर जाळीचं झाकण. आठव्या दिवसापासून कोंब दिसू लागले. वटाण्यासारखीच याची दळं जमिनीत राहतात, वर येतो तो थेट शेंडा.

तिसरी पानांची जोडी उघडली तेव्हा तिच्या वर शेंडा खुडला. जीव कळवळतो, पण खुडावा. खुडलेल्या रोपाला बुंध्यातून दोन-तीन दमदार फांद्या फुटतात; न खुडलेलं एकच लांबोडं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नळ्या वाफ्यात गेल्या, नऊ इंचांवर एक. पहिले दोन फूट चढायला तुराट्या खोचल्या, कारण ताणे इतके नाजूक की बांबूसारख्या जाड आधाराला त्यांना वेढा घालता येत नाही. त्यावर सुतळीची जाळी.

पाणी तर्जनी दोन पेरं मातीत खुपसून: कोरडं लागलं तरच, तेही सकाळी, बुंध्याशी. थंडीत हे पाच-सहा दिवसांनी यायचं. युरिया शून्य. कळ्या दिसल्यावर दर पंधरा दिवसांनी लाकडाच्या राखेचं निवळलेलं पाणी द्यायचं ठरलं होतं, पण ते आम्ही इथे सुचवणार नाही. काळी माती आधीच अल्कधर्मी, राख तिला आणखी तिकडेच ढकलते. त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश हे पालाशाचं खत लिटरला दोन ग्रॅम पुरे.

जानेवारीत ढगाळ चार दिवस आले तेव्हा काही कळ्या गळल्या. त्यात घाबरण्यासारखं नसतं. दोन दिवस पाणी थांबवलं, ऊन पडलं, गळ थांबली. शेंड्यावर मावा ही रस शोषणारी कीड दिसली तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, साबणाच्या दोन थेंबांसह, संध्याकाळी. भुरीला पाण्यात विरघळणारं 80 टक्क्यांचं गंधक लिटरला दोन ग्रॅम. तेल आणि गंधक यांत पंधरा दिवसांचं अंतर हवंच, आणि पारा 32 वर गेला की गंधक बंद. दोन्हींत पानं करपतात.

निकाल

हिवाळी गटाचं पहिलं फूल 29 डिसेंबरला उमललं, पेरणीपासून अकरा आठवड्यांनी, वर्षातला दिवस जवळजवळ सर्वांत लहान असताना. वासंतिक गट 19 फेब्रुवारीला सुरू झाला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उकाड्याने आटोपला. दिव्याखालच्या दोन स्पेन्सर 8 फेब्रुवारीला फुलल्या. अंधारातल्या दोघींनी 22 मार्चला कळ्या धरल्या आणि टाकल्या. एकाच पाकिटातलं बी, मध्ये अंतर वीस फुटांचं.

ज्यांच्याकडे स्पेन्सरचंच बी आहे त्यांनी डिसेंबरच्या सुरुवातीपासून संध्याकाळी चार तास पिवळा बल्ब लावून पाहायला हरकत नाही. मोठी, लहरदार फुलं मिळतात. पण वीस फुटांच्या वाफ्याला असे चार-पाच बल्ब लागतील, आणि हिवाळी गटाचं पाकीट आणणं त्याहून कितीतरी सोपं आहे.

फुलं एक दिवसाआड तोडावीत, घरात नको असली तरी. देठावरची खालची दोन फुलं उमललेली आणि वरची कळी रंग दाखवत असलेली, ही तोडायची वेळ. चार शेंगा जरी वेलीवर भरू दिल्या तरी ती आपलं काम झालं असं समजून फुलणं थांबवते. फुलदाणी केळी-पेरूंच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या एका दिवसात मिटतात. लांब ठेवल्यास चार-पाच दिवस टिकतात.

बियांसाठी दोन वेली शेवटच्या पंधरवड्यात न तोडता सोडल्या. फूल उमलण्याआधी कळीतच, नौकेसारख्या मिटलेल्या पाकळ्यांच्या आत परागीभवन होऊन जातं, त्यामुळे शेजारी दुसरा रंग असला तरी बी बहुतेक शुद्ध राहतं. शेंग तपकिरी होऊन तडकण्याआधी सकाळी काढावी. लहान मुलं असलेल्या घरात इथे सावध राहायला हवं: शेंग थेट वटाण्याची दिसते, पण हे दाणे विषारी आहेत. त्यांतल्या द्रव्याने हाडं आणि सांधे जोडणारे तंतू बिघडतात. मध्य प्रदेशात तिवडा म्हणतात त्या लाखेच्या डाळीतलं पाय लुळे करणारं विष वेगळं, वेल मात्र याच कुळातली.

मार्चअखेर 140 दाणे निघाले. ते कागदी पुडीत, राख घातलेल्या डब्यात ठेवले आहेत. पुडीवर रंगाच्या आधी लिहिलंय: ‘हिवाळी, 10 तास’.